बांधीतला बेडूक

पवनीच्या अश्वजितचे गिटार शिकवायचे व्हिडिओ जिल्हाभर फिरत. गिटारची दांडी म्हणजे धानाचं शेत, दांडीवरच्या आडव्या पट्ट्या म्हणजे धुरे, मधल्या जागा म्हणजे पाणी भरलेल्या बांध्या अन् बोट म्हणजे बेडूक! त्याची सहा वर्षांची मुलगी मैत्री खिदळत बेडूक उडवायची अन् तो लाडानं म्हणायचा, "बेडूक धुऱ्यावर नाही बसत बेटा, बांधीत बसते."

ते पाहूनच तुमसरच्या रुपाताई आपल्या मुलाला शिकवणी लावायला आल्या होत्या. आतल्या खोलीत मैत्री बाहुलीला शिकवत होती. झाडूची गिटार, लोट्याला टेकवलेला साबणाच्या डबीचा मोबाइल, अन् तेच लाडाचं बोलणं.

"पाहा जी सर, पोरगी अगदी तुमच्यावरच गेली!" रुपाताई उघड्या दारातून कौतुकानं बघत राहिल्या.

मैत्रीनं साबणाची डबी पालथी केली. पुढचं काय, ते अश्वजितला चांगलंच ठाऊक होतं. तो दार लोटायला धावला, पण तोवर बाहुलीच्या बोटांवर फूटपट्टी बसलीसुद्धा.

 

"व्हिडिओ झाला. आता सांग, चुकली काहून?"