कोण आलंय?

सकाळपासून सहा तास खपून त्याने तळहाताएवढ्या कॉम्प्युटर-बोर्डासाठी लिनक्स ही संगणकप्रणाली तयार केली, मेमरी कार्डात भरली आणि बोर्ड सुरू केला. पडदा काळा तो काळाच.

बाबांना भरवायची वाटी हातात घेऊन आई दाराशी थबकली. "गेलं का रे तुझं यंत्र?"

"नाही गं, चांगलं जागं आहे. पडद्यावर चित्र दाखवणारा ड्रायव्हर प्रोग्राम कंपनीने कुलपात ठेवलाय, तो तेवढा रुसलाय. आत सगळं चालू आहे."

"तुला कसं कळलं?"

त्याने बोर्डाला एक बारीक वायर लावली, दुसरं टोक लॅपटॉपला. मुक्या बोर्डाच्या पोटातलं सगळं ओळीमागून ओळ लॅपटॉपवर उतरत गेलं आणि 'login:' या ओळीशी येऊन थांबलं.

"आता काय म्हणतंय?"

"विचारतंय, कोण आलंय?"

आई त्या ओळीकडे बघत राहिली. आतल्या खोलीत बाबा पडून होते. पक्षाघात झाल्यापासून सात महिने डोळे उघडे, पण शब्द नाही, ओळख नाही.

 

"तुझं काम झालं, की ती वायर जरा ह्यांनाही लाव ना रे."