खिडकीजवळचं टेबल

बायकोला दवाखान्यातून घरी सोडलं, तेव्हा तिने एकच हट्ट धरला. त्या मोठ्या हॉटेलात खिडकीजवळ बसून रंगीत कॉकटेल प्यायचं. गेलो, तर मॅनेजरने आम्हाला टॉयलेटच्या दाराशी बसवलं. खिडकीजवळचं टेबल शेवटपर्यंत रिकामंच होतं. तिने विचारून पाहिलं, तर म्हणाला, "बुक आहे, मॅडम. पाहुणे येईपर्यंत दुसऱ्या कुणाला देत नाही. नियम आहे."

आज ते टेबल मी तिच्या नावाने बुक केलं. दोन कॉकटेल मागवली, एक तिच्या खुर्चीपुढे ठेवलं. तेवढ्यात हॉटेलचा मालक बड्या पाहुण्यांना घेऊन आला आणि खिडकीकडे बोट दाखवत मॅनेजरवर डाफरला.

मॅनेजर घाम पुसत माझ्याकडे आला. "काका, एकटेच आहात, तर जरा आत बसता का?"

"टेबल बायकोच्या नावावर आहे. ती येईपर्यंत दुसऱ्या कुणाला कसं देणार? नियम तुमचाच."

"अहो, मग फोन लावा ना मॅडमना! कधी येणार त्या?"



"थांबा की जरा," मी म्हणालो. ती वारली, हे त्याला सांगितलं नाही. त्या दिवशी ती या रिकाम्या टेबलाकडे बघत ताटकळली, आज त्याला ताटकळू दे.