हजानांचा आशीर्वाद

मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, इस्रायलमधल्या दिमोना गावी, मराठी यहुद्यांच्या सिनेगॉगमध्ये, प्रार्थना चालवणारे हजान शिमशोन आष्टमकर प्रार्थनेचं पुस्तक उघडत होते, तोच रिबकाबाई लेकीला घेऊन आल्या. लेक लष्करी गणवेशात होती. दुपारच्या बसनं सीमेवर निघायची होती.

"हजानसाहेब, तहाची भाषा करणारेच निवडून आलेत. आता लढाई थांबेल ना? तुमच्या तोंडून ऐकलं की हिला निर्धास्त धाडीन."

हजानांनी पुस्तक मिटलं. मागच्या निवडणुकीनंतर त्यांनी जमलेल्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं, "आता शांती येणार!" त्या भरवशावर रिबकाबाईंनी सीमेवर निघालेल्या थोरल्या मुलाला हसत निरोप दिला. महिन्याभरात त्याच्या दफनाची प्रार्थना हजानांनाच म्हणावी लागली. बाईंनी त्यांना एका शब्दानं कधी दोष दिला नाही.

मुलगी समोर वाकली. हजानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आशीर्वादाच्या शेवटी 'देव तुला शांती देवो' म्हणायचं असतं, आणि त्यावर ऐकणाऱ्यांनी 'आमेन'; पण जन्मभर म्हटलेले ते शब्द काही केल्या ओठांवर येईनात. हात मात्र त्यांनी तिच्या डोक्यावरून काढला नाही.

रिबकाबाईंनी बराच वेळ वाट पाहिली. मग हलकेच म्हणाल्या, "आमेन."