विळ्याखालची मान
मारामारीची शिक्षा भोगून डोंगरसिंग आला आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या टोळीबरोबर केळीच्या बागेत कापणीला उतरला. त्याच्यासारखा घड कापणारा अख्ख्या चोपडा तालुक्यात नव्हता. पण बागवाल्या शेठनं गाडीतूनच काच खाली केली. “मुकादम, जेलमधून आलेला ना तो? विळा नको त्याच्या हातात. घड वाहू दे.” मुकादमानं हात पुढे केला. डोंगरसिंगनं विळा देऊन टाकला. माझं डोकंच फिरलं. घड झेलायला कापणाऱ्याच्या विळ्याखाली रोज माझी मान असते. “मान मनी शे शेठ, तुमनी नही!” मुकादमाच्या हातातून विळा हिसकावून मी डोंगरसिंगला दिला, खांद्यावर गोणपाट टाकलं आणि घडाखाली जाऊन उभी राहिले. “काप, भाऊ.” घड अलगद खांद्यावर उतरला. मागे वळले, तर सगळी टोळी खांद्यांवर गोणपाट टाकून त्याच्यासमोर रांगेत उभी! शेठची काच वर गेली.