सगळ्यात चांगली मूस

शंका आली म्हणून तिने मुशीत, नमुने विरघळवायच्या वाटीत, नुसतं आम्ल तापवलं, गाठीचा कणही नाही, तरी यंत्राने प्लॅटिनमचा आकडा दाखवलाच. कर्करोगाचं औषध गाठीत किती मुरलं, हे औषधातल्या प्लॅटिनमवरून मोजणं तिचं प्रयोगशाळेतलं काम. महिन्यापूर्वी सरांच्या बायकोच्या गाठीचा तुकडा आला, तेव्हा सरांनीच कपाटातून ही मूस काढून दिली. "हिच्यासाठी रोजची नको, सगळ्यात चांगली घे." ती प्लॅटिनमचीच, हे दोघांनाही ठाऊक, पण तापल्या आम्लात तिचंच प्लॅटिनम उतरेल हे ऐनवेळी सुचलं नाही. आकडा भरपूर आला, डॉक्टरांनी औषध निम्मं केलं. आता सर शीळ घालत आले. "उलट्या थांबल्या गं. काल पोटभर जेवली." सरांनी पडद्यावर पाहिलं. "आकडा आमच्या हिच्याइतकाच की. कोणाचा नमुना?" "कोणाचाच नाही," ती म्हणाली, आणि रिकामी मूस त्यांच्या हातात ठेवली.