पान चारशे बारा

"पुन्हा वाचा, बाई," काचेपलीकडून तपासनीस म्हणाले. "आवाज भिजला."

वाचनबाईंनी डोळे पुसले. ही चौथी खेप. चपला कुरकुरू नयेत म्हणून दाराबाहेर, घड्याळ टिकटिकू नये म्हणून पर्समध्ये. अंधांच्या ग्रंथालयातली ही ध्वनिमुद्रणाची खोली. इथे श्वाससुद्धा मोजून घ्यायचा.

"आपण वाचायचं. रडायचं काम ऐकणाऱ्याचं," तपासनीस म्हणाले.

"तुम्ही कसे कोरडे राहता?"

"मी गोष्ट ऐकतच नाही. मी स्वल्पविराम ऐकतो."

बाईंनी आजवर पाठ्यपुस्तकं वाचली होती, आरोग्याच्या पुस्तिका, बागकामाची दोन पुस्तकं. रशियन कादंबरी ही पहिलीच. एका आजारी, अंध आजोबांनी ती मुद्दाम मागितली होती. कपाटाच्या तळातून निघालेल्या प्रतीची सुरुवातीची पानं वाळवीनं खाल्लेली. लेखकाचं, अनुवादकाचं, कुणाचंच नाव उरलं नव्हतं. उरला होता नुसता बर्फ, आणि बर्फातून चालणारी माणसं.

ती माणसं बाईंच्या मागोमाग घरी येत. दूध उतू जाई आणि बाई खिडकीशी उभ्या.

"तुझ्या त्या बर्फातल्या मंडळींना एकदा जेवायला बोलाव," नवरा म्हणे. "निदान त्या निमित्तानं आपल्यालाही वेळेवर मिळेल."

आता शेवटचा भाग. गाडीवानाची आठ वर्षांची लेक तापानं फणफणलेली. बाप रात्रभर बर्फ तुडवत डॉक्टर आणायला जातो. चारशे बाराव्या पानावर तो परततो, तेव्हा शेजारणीनं मुलीच्या अंगावरचं पांघरूण तोंडावर ओढलेलं असतं.

त्या पांघरुणापाशी बाईंचा आवाज दर वेळी बुडत होता.

दारावर टकटक झाली. आजोबांची सून आली होती. आठवड्याला एक भाग तीच न्यायची.

"झाला का हो शेवटचा? डॉक्टरांनी आता दिवसांवर आणलंय. डोळे उघडले की एकच विचारतात, शेवट आला का."

"उद्या देतो," तपासनीस म्हणाले.

सून बाईंजवळ आली, आवाज खाली करून म्हणाली, "वाईट नाही ना शेवट? त्यांची धाकटी आठ वर्षांची असताना तापानं गेली. मामंजी तेव्हा कारखान्यात परदेशी इंजिनिअरांचे दुभाषे होते, कामावर होते. घरी आले तर सगळं आटोपलेलं. सासूबाई सांगायच्या, ते रडले नाहीत. बोलायचेच बंद झाले."

बाईंच्या हातातलं पुस्तक जड झालं.

सून गेल्यावर तपासनीस चष्मा पुसत म्हणाले, "रशियन पुस्तकं अशीच. कुणाचा तरी जीव घेतल्याशिवाय मिटत नाहीत."

भिंतीवर नियम लावलेला होता. छापलेलं तेवढंच वाचायचं, पदरचं अक्षर घालायचं नाही. मागल्या वर्षी एका वाचकानं एक शिवी गाळली, तर त्याला घरी बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी लाल दिवा लागला. तपासनीसांनी नेहमीसारखी आपल्यापुढच्या झेरॉक्सवर ओळीखाली फूटपट्टी धरली. बाई वाचू लागल्या. बर्फ, वाट, बापाच्या दाढीवर गोठलेला श्वास. चारशे बारावं पान आलं.

"बापानं दार ढकललं," बाईंनी वाचलं, आणि पुस्तकावरून नजर उचलली. "शेजारीण उशाशी बसल्या बसल्या पेंगत होती. मुलीनं डोळे उघडले. 'बाबा, पाणी,' ती म्हणाली."

फूटपट्टी थांबली.

काचेतून दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाई थांबल्या नाहीत. बापानं पाणी पाजलं, कपाळावर हात ठेवला, ताप उतरला होता. बाहेर उजाडलं. एवढं बोलून त्यांनी पुस्तक मिटलं.

तपासनीसांनी हेडफोन काढला. बराच वेळ नाक शिंकरलं. मग तपासणीचा कागद पुढे ओढून त्यावर लिहिलं, 'मजकुराबरहुकूम', आणि खाली सही केली.

"आज आवाज कोरडा होता," एवढंच म्हणाले.

तीन दिवसांनी सून पुन्हा आली. चेहरा उतरलेला.

"मामंजींनी तुम्हाला बोलावलंय. शेवट ऐकला आणि भिंतीकडे तोंड करून पडले. दोन दिवस पाण्याचा थेंब नाही. आज म्हणाले, वाचणारीला आण."

"पूर्वी वाचलेलं असणार त्यांनी पुस्तक," तपासनीस पुटपुटले. "बाई, सांगा त्यांना, सही माझी आहे. काय बोलायचं ते मला बोला म्हणावं."

आजोबांच्या खोलीत औषधांचा वास होता. खिडकी उघडी होती, पण त्यांना तिचा वाराच तेवढा कळत असावा. पांघरुणावर दोन हात, वाळल्या काटक्यांसारखे.

"बसा, बाई." आवाज जेमतेम ओठांपर्यंत येत होता. "शेवट तुम्ही बदललात?"

"हो. माझं चुकलं. पुस्तक तुमच्या हाती जसं आहे तसं द्यायला हवं होतं. मला धीर झाला नाही."

"पुस्तकात काय होतं?"

"ती जाते, आजोबा. बाप पोचायच्या आधी."

आजोबांनी हात चाचपडत पुढे केला. बाईंनी तो धरला. मिटल्या डोळ्यांच्या कडेनं पाणी उशीत उतरत होतं.

"मूळ रशियनमध्ये ती पाणी नाही मागत, दूध मागते. तेवढाच फरक," ते म्हणाले. "माझी लेक गेली त्याच आठवड्यात ते पान अनुवादाला माझ्यापुढे आलं. गाडीवानाच्या पोरीला मी मारलं, बाई."