दोन जास्तीचे ठोकळे

पातळी दाखवणाऱ्या पाणसळीतला बुडबुडा जरा डुचमळला आणि दोन रेघांच्या अगदी मधोमध येऊन थांबला.

"जमलं की गं तुला!" गाडीमागे जोडून न्यायचं ते चाकांवरचं घर तळ्याकाठी उभं होतं; त्या ट्रेलरच्या दारातून मुलगी म्हणाली. "पण बाबा इथे डाव्या चाकाखाली चार ठोकळे ठेवायचे. तू दोनच ठेवलेस."

"म्हणून तर अकरा वर्षं माझे बटाटे ओट्यावरून घरंगळले," असं म्हणत आईने उरलेले दोन ठोकळे गवतात भिरकावले.

चार वाजता गिऱ्हाईक येऊन ट्रेलर नेणार होतं. दोन महिन्यांपूर्वी वारलेल्या तिच्या नवऱ्याने हौसेने जमवलेलं सामानही त्याच्याबरोबर जाणार होतं. पाण्याची नळी, हुकाचं कुलूप, लांब दांड्यांचे आरसे, आठ ठोकळे. एकेक वस्तू तो दहा दुकानं पालथी घालून आणायचा. ट्रेलर मात्र दर मुक्कामी डावीकडे उंच! "तुमची पाणसळच तिरळी आहे," असा चारचौघांत तिने त्याचा किती पाणउतारा केला असेल. त्याला मातीआड केलं त्या दिवशीही भेटायला आलेल्यांना तिने ही वाकड्या ट्रेलरची गोष्ट सांगितली होती. तो नुसता हसायचा. म्हणायचा, "चालतंय. झोप लागते ना तुला?"

झोप मात्र लागायची. घरी आडवं झालं की धाप लागे, तीन उशा घ्याव्या लागत. इथे ट्रेलरमध्ये एका उशीवर ती गाढ झोपायची. "इथली हवा मानवते तुला," तो म्हणायचा, आणि तिलाही ते पटलं होतं. आजाराचं नाव काढलेलं तिला खपत नसे. घरच्या पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली एकदा त्याने विटा लावायला घेतल्या, तर ती कडाडली होती, "मी काय पेशंट आहे?" त्याने मुकाट्याने विटा उचलून नेल्या.

जेवणं झाल्यावर ती शेवटचं म्हणून ट्रेलरमध्ये आडवी झाली. डोकं नेहमीसारखंच डाव्या खिडकीशी. तेच तळं, तीच हवा, तीच उशी. पाच मिनिटांत छाती दाटून आली, श्वास पुरेना. ती धडपडत उठून बसली. खिडकीबाहेर गवतात ते दोन ठोकळे पडले होते.

तिला रडू आवरेना. अकरा वर्षं हा माणूस तिचे टोमणे हसत गिळत राहिला, पण एका शब्दाने त्याने तिला कळू दिलं नाही.

गिऱ्हाईक वेळेवर आलं. यादी हातात धरून सामान मोजू लागलं.

"ठोकळे सहाच? यादीत तर आठ आहेत."

मुलगी वाकून ट्रेलरखाली शोधू लागली. आईने हातातली जड पिशवी छातीशी घट्ट धरली.

"दोन मिळायचे नाहीत," ती म्हणाली. "ते माझ्या उशाचे आहेत."